कोरडा शिधा

"सण ह्यांचा, आन् मान मोडून राह्यली माझी," आत्या सुपातल्या तांदळाला सांगत होत्या.

स्वयंपाकघर एवढं अरुंद, की त्यांच्या पाठीला माझी पाठ लागलेली. त्या खडे वेचत होत्या, मी करंज्या भरत होते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गोजरबाई. त्यांची कुरकुर इतकी अंगवळणी पडलेली, की ती ऐकू आली नाही तर मी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. पण त्या सकाळी त्या कुरकुरीत एक वाक्य कमी होतं. दर नाताळला उजाडल्यापासून त्या मला भंडावून सोडायच्या, पुंजाची गाडी दिसली का गं, म्हणून. आज एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणजे त्यांना कळलं होतं.

पुंजाराम हा त्यांचा थोरला. हसनाबादला शेती बघतो. धाकटा माझा नवरा, जालन्यात मिशनच्या शाळेत मास्तर. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचं नाव शमुवेल ठेवलं, ते शाळेच्या भिंतीच्या आतच राहिलं. भावाच्या आणि बाजाराच्या तोंडी ते अजून कचरूच. मी मात्र मास्तर म्हणते, म्हणजे दोन्ही बाजूंचं भांडण मिटतं. आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा जातीने आम्हाला वाळीत टाकलं. मामंजी वारल्यावर आत्या आमच्याकडे आल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. रविवारी उपासनेला येतात, सगळ्यांच्या मागे चपलांपाशी बसतात आणि उपदेश चालू असताना वाती वळतात. पण जेवतात माझ्या चुलीवरचं, म्हणून जातीने त्यांनाही आमच्यातच धरलं.

तरी पुंजाराम भावजी दर नाताळला यायचे. कापसाची गाडी जिनात रिकामी करायची आणि बैल आमच्या अंगणात सोडायचे. सोबत द्वारकाबाई, माझी थोरली जाऊ, आणि त्यांची कौसा. त्यांना आमच्या चुलीवरचं चालायचं नाही, म्हणून मी कोरडा शिधा द्यायची. पीठ, डाळ, गूळ, मिरच्या, मीठ, तुपाची वाटी. कोरड्याला बाट लागत नाही, असा जातीचा कायदा. द्वारकाबाई कडुनिंबाखाली तीन दगड मांडून स्वयंपाक करायची, पाणी स्वतःच्या घागरीने नदीवरून आणायची. मग ते अंगणात जेवायचे, आम्ही ओसरीवर. मध्ये दोन पायऱ्या. बोलणं, हसणं, मीठ कमी पडलं का विचारणं, सगळं त्या पायऱ्यांवरून. इतक्या वर्षांत कुणी त्या पायऱ्यांचं नाव काढलं नाही. नाव काढलं असतं तर त्या दिसल्या असत्या.

कौसा लहान होती तेव्हा पायऱ्या चढून थेट माझ्या चुलीपाशी यायची. तिला मी कच्चे शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्यायची. तेवढं चालायचं. आम्हाला मूलबाळ नाही. ती शेंगदाणे खात माझ्या पदराशी खेळायची आणि तळणाचा वास घेऊन म्हणायची, काकी, वासानं बाटतं का? मी म्हणायची, वासाचा कायदा अजून कुणी केला नाही, घे पोटभर.

आता कौसाची सोयरीक तीर्थपुरीला ठरत होती. गेल्या बाजाराच्या दिवशी हसनाबादच्या एका माणसाने मास्तरांना गाठून सांगितलं, की भावकीने पुंजारामला अट घातली आहे. भावाशी आणि आईशी बिलकुल तोड, साक्षीदारासमोर तोंडाने सांगून ये, मगच मांडवाला आम्ही उभे राहू. साक्षीदार म्हणून चुलत भाऊ रामकिसन सोबत येणार. मास्तरांनी हे मला विहिरीपाशी हळूच सांगितलं आणि आईला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. त्या घरात आईला न कळणारी एकच गोष्ट होती, इंग्रजी.

एरवी नाताळची सकाळ म्हणजे माझी धांदल आणि मास्तरांचा आनंद. त्या दिवशी दोघांनाही धांदलच होती. मास्तर कागदाचा तारा बांधायला शिडीवर चढले, उतरले, दोरी घेऊन चढले, पुन्हा उतरले. तारा शेवटी तिरका राहिला. भिंतीचा चुना अजून ओला, जो येईल त्याच्या खांद्याला आमचं घर लागत होतं. महेबूबभाईंनी मटण वेळेवर पाठवलं, पण सोबत निरोप पाठवला, की मास्तरीणबाई, बडा दिन मुबारक, गोश्त जरा कोवळा आहे, जल्दी उतरवा. मी उपासनेला जाताना चूल विझवायची विसरले आणि परत आले तोवर मटण जरा जास्तच उतरलं होतं. उपासनेत मी काय ऐकलं ते विचारू नका. मेंढपाळांना भिऊ नका म्हणतात तिथवर आठवतं, मग माझं लक्ष दाराकडे.

आणि ताटं येत होती. नाताळला आमच्या वस्तीत घरोघर फराळाची ताटं फिरतात, वर विणलेला रुमाल. आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नसतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंचं आलं, पाळकबाईंचं आलं, शेजारच्या पुष्पाबाईंचं आलं. माझ्या करंज्या संपायला आल्या. तेव्हा मी ठरवलं, चटकन खाऱ्या शंकरपाळ्या तळून टाकाव्यात. परातीत गव्हाचं पीठ घेतलं, मीठ टाकलं, तेल कडकडीत तापवून त्याचं मोहन घातलं, हाताने चोळलं आणि वर पांढरं फडकं टाकलं. शेजारीच दुसरी परात. तीत शिध्याचं कोरडं पीठ, तिच्यावरही पांढरंच फडकं. इथपर्यंत माझी शुद्ध ठिकाणावर होती.

तेवढ्यात गाडी आली.

आत्यांनी सूप खाली ठेवलं, पण उठल्या नाहीत. मी बाहेर गेले. भावजी जू उतरवत होते, बैलाच्या मानेकडे बघत. द्वारकाबाई घागर कडेवर घेऊन उतरली. तिसरे रामकिसन, गाडीतून उतरताना एक पाय आखडलेला, पागोटं नवं. कौसा नव्हती. सोयरीक ठरलेली पोर कशी येईल, हे द्वारकाबाईने मी न विचारताच सांगितलं. रामकिसनने अंगणात उभं राहून सगळीकडे नजर फिरवली. ताऱ्यावर ती जरा अडखळली. तिरका लागलाय, एवढंच बोलले.

भावजी दरवर्षी आल्या आल्या ओसरीच्या पायरीवर बसून आईचे पाय धरायचे. आज ते बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांनी पाणी प्यायलं. भावजी तिथेच राहिले, बैलांनी आणखी प्यावं म्हणून.

द्वारकाबाई पाणी घेऊन आली, दगड मांडले, काटक्या रचल्या. मला शिधा द्यायचा होता. त्याच वेळी गाणारी मंडळी ढोलकी, टाळ घेऊन फाटकातून आत शिरली, नाताळची पदं म्हणत. रामकिसन दचकून उभे राहिले, कुणाची वरात आली की काय म्हणून. मी घाईघाईने सुपात डाळ, गूळ, मिरच्या, मीठ, तूप मांडलं, एका हातात सूप, दुसऱ्या हातावर परात, आणि गाणाऱ्यांच्या मधून वाट काढत द्वारकाबाईसमोर नेऊन ठेवलं. मग परत पळाले, गाणाऱ्यांना करंज्या द्यायला.

ते गेले. मी स्वयंपाकघरात येऊन उरलेल्या परातीचं फडकं उचललं आणि शंकरपाळ्यांचं पीठ भिजवायला मूठभर हातात घेऊन दाबलं. मोहन घातलेलं पीठ मुठीत दाबलं की मुटका वळतो. माझ्या हातातून पीठ भुरभुर खाली गळालं. कोरडं.

मी तशीच बाहेर धावले. द्वारकाबाई परातीपुढे बसली होती. तिची मूठ मिटलेली. तिने ती उघडली. तळहातावर बोटांचे ठसे उठलेला मुटका, जसाच्या तसा. ज्या बाईने आयुष्यभर पीठ मळलंय तिला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. माझ्या चुलीवर तापलेलं तेल, माझ्या हातचं मीठ. तो शिधा कोरडा राहिला नव्हता. तो माझा स्वयंपाक होता, फक्त अर्धवट.

चार हातांवर रामकिसन घोंगडीवर बसलेले, डोळे आमच्याकडेच. तेवढ्यासाठीच तर आले होते.

मी म्हणाले, बाई, ते पीठ जुनं आहे, दुसरं आणून देते. रामकिसनने तिथूनच सांगितलं, की दिलेला शिधा माघारी न्यायचा नसतो, अपशकुन असतो. द्वारकाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती का तेही मला कळलं नाही. तिने तो मुटका परातीत सोडला, बोटांनी फोडला आणि पाणी ओतलं.

"चांगलं हाये पीठ," ती म्हणाली. "जा सगुणा, तुझं मटण लागंल."

मटण आधीच लागलेलं होतं, पण मी गेले.

मास्तरांना मी मागच्या दारी बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला. म्हणाले, त्यांनी घास घ्यायच्या आत सांगायला हवं, माणसाला न कळवता त्याचा नेम मोडणं हे पाप आहे, आणि तेही आजच्या दिवशी. त्यांचं खरं होतं. त्यांचं नेहमी खरं असतं, त्याचाच मला त्रास. मी म्हणाले, सांगा की, म्हणजे रामकिसन उठून जातील, तीर्थपुरीला बातमी आधी पोचेल, कौसाचं लग्न मोडेल, आणि तुमचं मन स्वच्छ राहील. ते म्हणाले, आणि नाही सांगितलं तर? मी म्हणाले, तर ते जेवतील, मग तोडायचं ते तोडतील आणि जातील. निदान जेवून जातील.

मास्तर आत गेले, शिडी उचलली, ती कुठे ठेवायची ते न सुचून पुन्हा होती तिथे ठेवली.

मला एका जागी बसवेना. मी पत्रावळी मांडल्या, उचलल्या, पुन्हा मांडल्या. आत्यांना विचारलं, भात झाला का बघता का, आणि त्या बघायच्या आत मीच पाहिला. अंगणातून तव्याचा वास आला. साध्या पोळीचा वास वेगळा असतो. मोहनाची पोळी भाजताना तेल सुटतं, ते तव्यावर हळू चुरचुरतं. मला वाटलं हा आवाज फाटकापर्यंत जातोय. मी मुद्दाम पातेल्यावर झाकण आपटलं. आत्या म्हणाल्या, भांड्यांचा जीव घेऊ नको.

शेवटी पंगत बसली. ओसरीवर मास्तर, आत्या आणि मी. खाली अंगणात भावजी, रामकिसन आणि द्वारकाबाई. मध्ये त्या दोन पायऱ्या. मास्तरांनी उपकारस्तुती सुरू केली. रामकिसनने पहिला घास मोडला होता, तो तोंडाशी नेता नेता थांबवला. दुसऱ्याच्या देवाचंही नाव चाललं असताना खाऊ नये एवढी रीत त्या माणसाला होती. मास्तरांची प्रार्थना त्या दिवशी लांबली. आजारी, प्रवासी, निजाम सरकार, कापसाचं पीक, सगळ्यांसाठी मागून झालं आणि तरी ते आमेनला येईनात. मला कळत होतं ते कशाशी झगडताहेत. मी डोळे मिटले नव्हते. आत्यांनीही नाही. शेवटी ते आमेन म्हणाले, आणि सांगितलं काहीच नाही.

रामकिसनने घास तोंडात घातला. चावला. थांबले. हातातल्या पोळीकडे पाहिलं, तिचा तुटलेला काठ अंगठ्याने दाबून बघितला. काठ खुसखुशीत, चुरा पडला. मग त्यांनी वर, ओसरीकडे पाहिलं. मी वरण वाढण्यात इतकी गुंतले की मास्तरांच्या पानात वरणाचं तळं झालं. पुन्हा खाली पाहिलं तेव्हा रामकिसन जेवत होते.

"वहिनी, पोळी झकास झालीय," ते द्वारकाबाईला म्हणाले. "आमच्यात बायको गेल्यापासून असली पोळी पाहिली न्हाई."

तिने आणखी एक वाढली. तीही त्यांनी खाल्ली. भावजी मान खाली घालून जेवत होते, घास न मोजता. ही असली पोळी आत्या त्यांना लहानपणी आजारातून उठलं की करून द्यायच्या, हे आत्यांनीच मला शिकवताना सांगितलं होतं. भावजींना ओळखू आली नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांनी एकदा नाक ओढलं. मिरची जास्त झाली असेल.

आत्या माझ्या शेजारी. पानातलं मटण त्यांनी चिवडून एका बाजूला सारलं होतं. त्या अंगणात बघत होत्या, मुलाच्या हाताकडे, पोळी मोडताना पडणाऱ्या चुऱ्याकडे. मग हळूच माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता विचारणार. त्यांनी माझ्या पानात आपल्या पानातली करंजी ठेवली आणि म्हणाल्या, तू काही खाल्लं न्हाईस सकाळपासून.

रामकिसनने चौथी मागून घेतली.

जेवणं झाली. द्वारकाबाई राखेने परात घासायला बसली. मी ओसरीच्या खांबाशी उभी राहिले, हातात एक रिकामा तांब्या, कशाला घेतला होता ते आठवत नव्हतं. मास्तर पायरीवर बसले, वरच्या. भावजी खालच्या पायरीजवळ, जमिनीवर. रामकिसनने अडकित्ता काढून सुपारी कातरली, भावजींना दिली, जरा थांबून मास्तरांनाही दिली. सुपारी कोरडी, तिला चालतं.

मग सगळे सुपारी चघळत बसले. भावजींनी सांगितलं की यंदा जिनात गाड्यांची रांग लई मोठी होती. मास्तर म्हणाले, हो, ऐकलं. भावजींनी सांगितलं की पांढऱ्या बैलाच्या खुराला काही झालंय, परतूरकडे एक वैदू चांगला आहे म्हणतात. मास्तर म्हणाले, दाखवायला हवं. मग भावजींनी ताऱ्याकडे बघून विचारलं, की कागद कुठला घेतला. मास्तरांनी दुकानाचं नाव सांगितलं. त्या दुकानावर दोघे भाऊ बराच वेळ बोलले. आयुष्यात दोघांनी कागदाची एवढी चौकशी कधी केली नसेल. आत्या भिंतीला टेकून ऐकत होत्या, ओल्या चुन्याचा पट्टा त्यांच्या लुगड्यावर उमटला होता. मी पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरून तसाच ठेवला.

"पुंजा," रामकिसन म्हणाले, "बोल मंग. ऊन उतरून राह्यलं. गाडी जुपायची हाये."

भावजींनी सुपारी थुंकली. तोंड उघडलं. आईकडे पाहिलं आणि पुन्हा बैलांकडे बघायला लागले.

मास्तर उठून उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात अंगरख्याशी गेले, वर्गात उभं राहून धडा सुरू करायच्या आधी जातात तसे. मी ओळखलं. आता हे खरं बोलणार, आणि मग काही उरणार नाही. मी तांब्या खाली आपटणार होते, निदान तेवढ्याने ते थांबले असते.

त्याआधी द्वारकाबाई उठली. हाताला राख तशीच. तिने मनगटाने पदर डोक्यावर ओढला आणि ओसरीकडे आली. खालच्या पायरीपाशी थांबली नाही, तिच्यावर पाय ठेवून उभी राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "ह्यांच्यानं बोलवायचं न्हाई, मी बोलते. आमी तुमाला तोडायला आलोत. कौसाच्या मांडवात तुमी न्हाई, कचरू भावजी न्हाई, सगुणा न्हाई, आन् पुढच्या नाताळाला आमी न्हाई. हेच सांगायला रामकिसन भावजी संगं आल्ते."

आत्यांनी मान हलवली. माझा हात त्यांनी सोडला नव्हता.

द्वारकाबाई वळली. रामकिसनच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला होता.

"पण परातीतलं पीठ मोहनाचं हुतं, भावजी. सगुणाच्या चुलीवरचं तेल, तिच्या हातचं मीठ. मला हात लावताच कळलं, तरी मी मळलं. ह्यांनी खाल्लं ते वळखून खाल्लं. तुमाला पहिल्या घासाला कळलं, मी बघत हुते तुमाकडं, आन् तुमी तर चवथी मागून घेतली. आता तुमीच सांगा, तोडायचं तर कुणी कुणाला तोडायचं?"